बासचं रीळ

खर्चे मास्तरांना या जगात एकच गोष्ट पसंत होती, ती म्हणजे वर्तुळ. तेही कंपासनं काढलेलं. हातानं काढलेल्या वर्तुळाकडे ते असे बघत, की काढणाऱ्या पोराला वाटावं आपण घराण्याच्या तोंडाला काळं फासलं. बाकी सगळ्या जगासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता: बास.

मलकापूरच्या हायस्कुलात ते भूमिती आणि चित्रकला शिकवत, मी मराठी. महाराष्ट्र राज्य झाल्याचे पेढे शाळेत वाटले, तेव्हा मास्तरांनी अर्धा पेढा चाखला आणि उरलेला ताटात परत ठेवला. "मध्य प्रदेशात होतो तवा हा खडू मोडे. मुंबई राज्यात गेलो, तरी मोडे. आता तुमच्या महाराष्ट्रात काय करते ते पाह्यतो," असं म्हणून ते वर्गावर गेले. पाच मिनिटांत तिकडून 'बास' असा आवाज आला. पोरं त्यांना बास मास्तर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण पोरांच्या बुद्धीबद्दल त्यांचं मत आधीच इतकं वाईट होतं, की रागावण्याचे कष्टही त्यांनी कधी घेतले नाहीत.

मला ते 'पंडित' म्हणत. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि माझं आडनाव पंडित नाही. मराठी शिकवणारा माणूस म्हणजे दुसरं काही न जमलेला माणूस, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्या शब्दात तो पुरेपूर भरलेला असे. मी नवी सायकल घेतली तेव्हा साऱ्या शिक्षकांनी घंटी वाजवून पाहिली. मास्तरांनी मागचं चाक उचललं, गरकन फिरवलं, त्याला कान लावला आणि म्हणाले, "पंडित, चाक रडून राह्यलं." झालं. त्या दिवसापासून मलाही ते रडू ऐकू यायला लागलं. सहा महिन्यांत मी सायकल विकून टाकली.

असा हा माणूस दर रविवारी मासे धरायला जायचा. त्यांचं घराणं लेवा पाटलांचं, घरात मासळीचं नाव निघायचं नाही, चातुर्मासात तर कांदाही बंद. मास्तर बाहेरही खात नसत. सापडलेला मासा पाण्यात सोडून देतो, असं ते सांगत. सापडलेला मासा मात्र कोणी पाहिला नव्हता. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांत म्हणायचो, की मास्तर मासे सोडून देतात हे खरं, पण धरण्याच्या आधीच.

याचं मूळ एका किराणा दुकानात होतं. बाजारातल्या एका दुकानदारानं कुठल्याशा जाणाऱ्या साहेबाच्या बंगल्यातली रद्दी उचलली होती. तीत अमेरिकेतलं मासेमारीच्या सामानाचं एक जाडजूड पुस्तक होतं. मास्तर शेंगदाणे आणायला गेले, तेव्हा त्या पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधण्याचं काम चाललं होतं. मास्तरांनी उरलेली पानं वाचवली, ती सुईदोऱ्यानं शिवली आणि वरून खाकी पुठ्ठा चढवला. त्यात एका माशाचं सारखं कौतुक होतं. त्याचं नाव बास. आपण जगाला टाकून बोलतो तो शब्द अमेरिकेत एवढ्या मानानं मिरवतो, हे पाहून मास्तर गार झाले असावेत. आमच्याकडच्या नद्यांत बास नाही. पण तोही आडोशाला दबा धरून बसतो आणि आपली मरळही बसते, म्हणून मास्तरांनी निकाल दिला: मरळ हाच आपला बास.

त्या पुस्तकात रीळ कसं निवडावं याचं एक प्रकरण होतं. रीळ म्हणजे गळाच्या काठीवर बसवायची दोऱ्याची चक्री. साधी चक्री नव्हे. काठीवर आडवी बसणारी, आत दातेरी चाकं असलेली. काठी झटकली की जड गळ पुढं उडतो, फिरकी भन्नाट फिरते आणि दोरा त्याच्यामागं धावतो. हे प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. मात्र चौदाव्या पानानंतर एकदम सतरावं पान होतं. मधल्या पानात कुणाचा तरी गूळ बांधून गेला होता. चौदाव्या पानाचं शेवटचं वाक्य मास्तरांनी मला एकदा मराठी करून दाखवलं: फेक नीट पडायची असेल, तर सर्वांत महत्त्वाचा असतो तो तुमचा. बस, पुढं काही नाही. तिथं समासात मास्तरांनी पेन्सिलीनं एक शब्द लिहिला होता, 'कान'. विचार करून लिहिला होता. तेव्हापासून मास्तर रीळ कानानं पारखत.

जवळच धरण होत होतं. पाणी साठू लागलं तशी मलकापुरातल्या बड्या मंडळींना मासेमारीची हौस आली, आणि रीळ घेण्याआधी मास्तरांना विचारायचं अशी पद्धतच पडली. आमचे एक वकील तेवढे न विचारता गेले आणि मुंबईहून आरशासारखं चकचकीत रीळ घेऊन आले. रविवारी ते त्यांनी मास्तरांपुढं ठेवलं. मास्तरांनी ते कानाशी धरून फिरवलं, हलवून खडखड ऐकली, मग खिशातून नाणं काढून त्याचे स्क्रू सोडायला लागले. वकीलसाहेब घाबरले.

"अहो मास्तर, नवं आहे ते."

"तेच तं. जुनं झालं म्हंजे उघडनारच नाई." मास्तरांनी आतली चाकं दाखवली. "दाते पत्र्याचे. चमक पाहून मासा पयते आन् माणूस फसते. एक करा वकीलसाहेब, वहिनीले द्या. शेवया चांगल्या निंघतीन याच्यातून. बास."

वकिलांनी पुन्हा त्या धरणाकडं पाहिलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण मास्तर जे म्हणत ते साफ चूकही नसे, आणि हीच त्यांची खरी अडचण होती. परवडणारं रीळ कुठलं, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "नदीच्या काठावर बसून नाण्यानं उघडता येते अन् घरच्या तेलानं चालते, ते परवडते. बाकी सारं फुकट भेटलं तरी महाग." फिरकी हलकी हवी. दाते पितळी हवेत. बाजूची कळ अशी पिळावी, की काठी आडवी धरून दोरा सोडला तर गळ हळूच खाली उतरावा, धपकन पडू नये. एवढं सगळं खरं सांगणारा माणूस स्वतः मासा का धरू शकत नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं.

एका रविवारी ते सुटलं. मी सहज धरणावर गेलो होतो. मास्तर पाण्याकडं पाठ करून एका दगडावर बसले होते आणि मांडीवर काहीतरी निवडत होते. मला वाटलं, भाजी निवडताहेत. जवळ गेलो तर रिळावर दोऱ्याचा एवढा मोठा गुंता झाला होता, की सुगरणीनंही हात टेकले असते. गळ पाण्यात पडून थांबला तरी फिरकी थांबत नव्हती. ती आपली दोरा ओकत राहायची. मास्तरांनी काठी फेकायची एकदा आणि गुंता सोडवायचा दुपारभर, असे त्यांचे रविवार जात होते. मला पाहून ते म्हणाले, "दोरा साफ करून राह्यलो." मी बरं म्हटलं. "रीळ नालायक आहे," ते म्हणाले. दहा वर्षांत त्यांनी चार रिळं बदलली होती. चारही नालायक निघाली होती.

सुपडा भोई त्यांच्याकडे आला, तो याच सुमारास. सुपडा धरणाकाठच्या वस्तीतला. नदी होती तोवर जाळं टाकून त्याच्या बापजाद्यांचं पोट चाललं. नदीचं धरण झालं आणि जाळ्याचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदारानं घेतला. भोयांनी काठावरून गळ टाकला तर कुणी हटकत नसे. पण काठाशी सगळा चिल्लर माल. मोठी मरळ आत, पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या आसऱ्याला. हातानं भिरकावलेला गळ तिथवर पोचत नसे. सुपड्याचा भाऊ खामगावला जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत लागला होता आणि वर्षभरात खोकून खोकून अर्धा झाला होता. काठावर पोट भरलं नाही तर पुढचा नंबर सुपड्याचा होता.

शाळेत दिवेलागणीला प्रौढांचा वर्ग भरे आणि तो मास्तर चालवत. सुपडा त्या वर्गातून 'ग'पाशी पळालेला गडी. तो येऊन दाराशी उभा राहिला, तेव्हा मी तिथंच होतो.

"गुर्जी, मले एक रीळ पायजे."

"काऊन बे? पतंग उडवतं का?"

"नाई जी. लांब फेकाचं हाय. त्या बाभयीपर्यंत. दोन बकऱ्या इकतो म्हन्लं, पन कोनतं घ्या ते समजत नाई. तुमी सांगान तेच घेतो."

मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रीळ म्हंजे यंत्र असते. वकिलाले नाई जमलं, तुले जमन? हजेरीवर आंगठा लावते अन् रीळ मांगते. बास."

सुपडा गेला नाही. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "मंग मी खामगावले जातो. भावावानी." एवढंच बोलून तो चौकटीला धरून उभा राहिला. मला मास्तरांचा त्या वेळी इतका राग आला, की मी तोंड दुसरीकडं फिरवलं. शेवटी मास्तर म्हणाले, "आधी सही शिक. अंगठाछाप माणसासाठी मी दुकानात पाय नाई ठेवनार."

सुपडा सही शिकला. तीन आठवडे तो जीव तोडून पाटीवर 'सुपडा' गिरवत होता. त्याचा 'ड' हटकून उलटा पडे आणि मास्तर हटकून पुसायला लावत. मला वाटलं, हा सगळा टाळण्याचा बहाणा आहे. तर चौथ्या रविवारी मास्तर धुतलेलं धोतर नेसून स्टेशनवर हजर, सोबत सुपडा, आणि साक्षीदार म्हणून मी. भुसावळला रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचा परदेशी निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्याच्याकडं रिळं असल्याची बातमी मास्तरांनी कुठूनशी काढली होती. बहाणे करणारा माणूस अशा बातम्या काढत नाही, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

म्हाताऱ्या ड्रायव्हरनं टेबलावर दोन रिळं ठेवली. मास्तरांनी पहिलं कानाला लावलं, फिरवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. असा चेहरा मी फक्त वर्तुळासमोर पाहिला होता. ते गुणगुणल्यासारखं फिरत होतं. दुसरं काळपट, पोचे पडलेलं, घरघरणारं. "हे घे," मास्तर सुपड्याला म्हणाले आणि पहिलं त्याच्या हातात दिलं. सुपड्यानं ते घेतलं, फिरकीवर अंगठा टेकवला, ठेवला, मग दुसरं उचललं. त्यावरही अंगठा टेकवला. तिथंच थांबला.

"गुर्जी, हे घेतो."

"अबे, ते घरघरते."

"घरघरू द्या. त्या पह्यल्याच्या वरून पट्टी आडवी हाय. आंगठ्याले जागा नाई."

"आंगठ्याले काय करतं? सही शिकवली ना तुले?"

सुपड्यानं रीळ सोडलं नाही. बकऱ्या त्याच्या होत्या. ड्रायव्हरनं कागद पुढं केला, त्यावर सुपड्यानं सही केली, 'ड' उलटा पडला, आणि मास्तर परतीच्या गाडीत मलकापूर येईपर्यंत बोलत होते. रीळ कानानं घ्यावं, हे कळायला सात जन्म लागतात. गाढवापुढं गुणगुणून काय उपयोग. पाण्यावर नेल्यावर रडशील. सुपडा खिडकीबाहेर बघत बसला होता आणि त्याचा अंगठा मांडीवरच्या फिरकीवर होता.

पाण्यावर आम्ही तिघंही गेलो. मास्तर तर केवळ फजिती बघायला आले होते, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुपड्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचा एक खोटा मासा कोरून आणला होता, पोटात शिसं भरलेला. बांबूच्या काठीला रीळ बांधलं. पहिली फेक गुंत्यात गेली. "बास," मास्तर म्हणाले. दुसरीही गेली. "बास. चाल, जा खामगावले." सुपड्यानं शांतपणे गुंता सोडवला. तिसऱ्या वेळी काठी झटकताना त्यानं फिरकीवर अंगठा अलगद ठेवला, मासा उडाला तशी दोऱ्याला वाट दिली, आणि लाकूड पाण्याला टेकलं त्याच क्षणी दाबला. फिरकी जागच्या जागी थांबली. एक फेराही जास्त नाही. लाकडाचा मासा बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यापाशी जाऊन पडला होता.

"हे तुले कोनं शिकवलं?" मास्तरांनी विचारलं.

"शिकवा काय लागते गुर्जी? विहिरीत बादली सोडतो आपुन, तवा दोर मोकया सोडतो का? हात लावूनच ठेवतो ना? पानी आलं का दाबाचा."

दहा वर्षं, चार रिळं, आणि त्या सगळ्या रविवारच्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्याच क्षणाची वाट बघत होतो. पण मास्तर स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडं बघत होते, खडूनं पांढऱ्या झालेल्या, आणि मला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत सुपड्यानं हाताएवढी मरळ काढली. खामगावचं नाव त्यानंतर त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गावर होते, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचं ते खाकी पुस्तक उघडलं. चौदाव्या पानाच्या समासातला 'कान' खोडरबरानं घासून काढला होता. तिथं शाईनं 'अंगठा' लिहिलं होतं. मास्तर अचानक मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मले माहीतच होतं ते. सुपड्याची परीक्षा पाहून राह्यलो होतो." मी म्हटलं, "हो मास्तर." "तुले काय समजते, पंडित. बास," ते म्हणाले. त्या दिवशी प्रौढांच्या वर्गात एका नव्या म्हाताऱ्यानं हजेरीवर अंगठा लावला, तर मास्तरांनी नाक मुरडलं नाही. शाईचा डबा स्वतः पुढं सरकवला. मात्र खडूला शिव्या देणं चालूच राहिलं.

पुढं माझी नेमणूक मेहकरला झाली आणि मास्तर निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल बातम्या येत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, पण मुंबईच्या डॉक्टरलाही ते 'बास' म्हणून आले होते. एका सुटीत मलकापूरला गेलो, तर घरी सांगितलं, धरणावर आहेत. माझा विश्वास बसेना. ज्याला ताटातली भाकरी चाचपावी लागते, तो माणूस धरणावर काय करणार?

बसमधून उतरून मी धरणाच्या भिंतीवरून चालत गेलो. खाली काठावर मास्तर उभे होते, हातात सुपड्याचं ते काळपट, घरघरणारं रीळ. शेजारी सुपडा, आता मिशा पिकलेला. मी दहा पावलांवर पोचलो, तेवढ्यात मास्तर न वळता म्हणाले, "कोन? पंडित का? चपलेचा आंगठा तुटला तुह्या. घासून राह्यली." तुटला होता खरा. मी काही बोलण्याआधी त्यांनी काठी मागं नेली आणि झटकली. दोरा सूं करत सुटला. मास्तरांचे पांढुरके डोळे भलतीकडंच, आभाळाकडं होते. सुपडा मात्र त्या लाकडाच्या माशावर नजर रोखून उभा होता. मासा पाण्याला टेकणार, त्या क्षणी तो हळूच म्हणाला,

"बास."

मास्तरांनी अंगठा दाबला. फिरकी थांबली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर मारलेला शब्द त्यांनी ऐकला आणि मुकाट्यानं पाळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी चपलेकडं बघत राहिलो.

"गोल उठला का बे पान्यावर?" मास्तरांनी विचारलं.

"हाव गुर्जी. कंपासनं काढल्यावानी."

मी त्यांच्या नेहमीच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही. मास्तर हळूहळू दोरा गुंडाळत राहिले.